रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं खोटं?

पोट धरून बाई अकोटहून अकोल्याला जाते आणि ऐकून येते, 'रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका.' स्वादुपिंडाच्या जुनाट आजारात अमायलेज, लायपेज नॉर्मल येऊ शकतात. दारूला न शिवलेल्यांनाही तो होतो. मग सोनोग्राफीवर थांबायचं का? सीटी स्कॅनचं विचारा. दुखणं केव्हा उठलं, काय खाल्लं होतं, पाठीत गेलं का, वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि घरच्यांनी 'अशाता वेदनीय कर्म आहे, सोसा' म्हणू नये. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय सांगतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख दिल्याने हेच कर्म बांधलं जातं. दुखणाऱ्या बाईला खोटं ठरवणं म्हणजे दुःख देणंच की!