देवमासे, जहाजें आणि आपली घाई

मनुष्यानें इतकीं यंत्रें शोधून काढलीं, मग त्यांच्या साहाय्यानें मुक्या प्राण्यांचें रक्षण कां होऊं नये, असा प्रश्न आमचे विद्यार्थी शास्त्राच्या तासाला पुष्कळदां विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील देवमाशांची हकीकत पाहिली असतां त्याचें उत्तर मिळेल असें आम्हांस वाटतें.

उत्तर अटलांटिक महासागरांत ‘राइट व्हेल’ नांवाचा देवमासा राहतो. त्याचा रंग काळा, चाल संथ, पाठीवर उभा पर नाहीं, आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वावरण्याची त्यास संवय. पूर्वीं तेलाकरितां त्याची बेसुमार शिकार झाली. ती बंद होऊन कित्येक दशकें लोटलीं, तरी आज या जातीचे चारशेंहूनही कमी जीव उरले आहेत. मासेमारीच्या दोरांत अडकून कांहीं मरतात, तर कांहीं जहाजांच्या धडकेनें मरतात. नाविकाच्या मनांत वैर नसतें. त्यास तो काळा देह लाटांत दिसतच नाहीं; आणि दिसला तरी प्रचंड जहाज कांहीं क्षणांत थांबवितां येत नाहीं.

यावर विद्वानांनीं योजलेले उपाय खरोखर कौतुकास्पद आहेत. देवमासे कोठें आढळतात याच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून बॉस्टन बंदराकडे जाणारा जलमार्गच २००७ सालीं थोडा वळविण्यांत आला. पुढील वर्षीं त्या मार्गावर तरंगते बोये ठेवण्यांत आले. त्यांस जोडलेलीं यंत्रें पाण्यांतील देवमाशाची साद टिपून किनाऱ्यावर कळवीत. तेथील तज्ज्ञ ती पडताळून पाहत, आणि मग द्रवरूप वायु वाहणाऱ्या जहाजांस सावध केलें जाई. पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांतील सांता बार्बराच्या खाडीमार्गांत, २०२० सालीं ‘व्हेल सेफ’ ही योजना सुरू झाली. तींत पाण्यांतील ध्वनि, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या नोंदी आणि समुद्राच्या स्थितीवरून गणितानें बांधलेला अंदाज, या तिहींचा मेळ घातला जातो. शिवाय कोणत्या कंपनीच्या जहाजांनीं वेग आवरला हें पाहून, शाळेंतील प्रगतिपुस्तकाप्रमाणें, त्या कंपनीस श्रेणी दिली जाते!

आतां कित्येक म्हणतात, इतकीं साधनें असतां वेगाचें बंधन कशास हवें? २००८ सालच्या अमेरिकन नियमानें ६५ फूट वा त्याहून लांब जहाजांस ठराविक भागांत व ठराविक ऋतूंत १० नॉटांची, म्हणजे ताशीं सुमारें साडेअठरा किलोमीटरांची, मर्यादा घातली. हा नियम ३५ फूट वा त्याहून लांब अशा लहान बोटींसही लावावा अशी सूचना २०२२ सालीं पुढें आली. परंतु ती जानेवारी २०२५ मध्यें मागें घेण्यांत आली. बोटीवर ज्यांचें पोट आहे त्यांची तक्रार आम्ही खोटी मानीत नाहीं. खवळलेल्या समुद्रांत वेग हाच कधीं कधीं नाविकाचा आधार असतो, हेंही खरें.

तथापि यंत्र वेगमर्यादेची जागा घेऊं शकेल, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. पाण्यांतील यंत्र साद ऐकतें, परंतु गप्प असलेला देवमासा त्यास कसा ऐकूं यावा? नवजात पिल्लूं जवळ असतां आई फारच थोडा आवाज करते. म्हणजे ज्यांना जपणें सर्वांत अगत्याचें, तींच मायलेंकरें यंत्राच्या कानांतून निसटतात. आणि साद ऐकूं आली तरी जहाज हळू झाल्यावांचून देवमासा वांचत नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, १५ नॉटांच्या वेगानें धडक बसल्यास मरणाचा संभव शंभरांत सुमारें ऐंशीं असतो. वेग साडेआठ नॉटांच्या आसपास आणला असतां तो विसांवर येतो.

म्हणून यंत्रें अवश्य वाढवावींत, परंतु तीं वेगमर्यादेच्या जोडीला असावींत, तिच्या जागीं नव्हेत. शाळेची घंटा कितीही मोठ्यानें वाजली तरी वर्गाकडे पावलें विद्यार्थ्यानेंच वळवावीं लागतात. आणि पालकहो, जहाजांची घाई ही कांहीं अंशीं आपलीच घाई आहे. दूरदेशचा माल आपणांस लवकर हवा असतो. तो कांहीं तास उशिरां पोंचल्यानें आपलें फारसें कांहीं अडणार नाहीं. चारशेंहून कमी उरलेल्या एका जातीचें मात्र सर्वस्व त्या कांहीं तासांवर अवलंबून आहे.