आईच्या कालवणाचं प्रमाण कोण लिहिणार?

पाककृतीचं पुस्तक निरुपद्रवी वाटतं. साहित्य, प्रमाण, कृती; यात जात कुठून आली? पण पुस्तक समोर ठेवून रांधायला लागलं की ती साहित्याच्या यादीतच भेटते.

वाराणसीत पीएचडी करताना मी भाड्याच्या खोलीत स्वतःपुरता स्वयंपाक करते. जवळ दोन पुस्तकं आहेत. कमलाबाई ओगले यांचं 1970 साली आलेलं ‘रुचिरा’ आणि शाहू पाटोळे यांचं 2015 सालचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’.

‘रुचिरा’चं ऋण नाकारायचं कारण नाही. वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे घरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी जणी त्यावरून शिकल्या. माझी पुरणपोळी त्याच पुस्तकातली, आणि ती चांगली जमते. मात्र त्यातल्या बऱ्याच पानांवर दूध, तूप, साखर, नारळ घरात आहेच असं धरलेलं असतं. माझ्या आजीच्या घरी तेलसुद्धा थेंबानं वापरायचं. अशा घरातलं रोजचं जेवण वर्षानुवर्षं ‘महाराष्ट्रीय पदार्थ’ या नावाखाली आलंच नाही.

पाटोळेंनी ते आणलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं अन्न त्यांनी इतिहासासकट नोंदवलं. ज्याला पोटभर मिळालंच नाही त्याच्यासाठी अन्न पूर्णब्रह्म कसं, हा सवाल पुस्तकाच्या नावातच आहे.

येसूर घ्या. ज्वारी-बाजरीसारखं धान्य आणि मसाले भाजून दळलेली ही पूड मराठवाड्यात कालवणाला लावतात. इथल्या बाजारातून बाजरी आणून मी येसूर केला. प्रमाण विचारायला आईला फोन केला तर ती म्हणाली, “वास सुटला की उतरव, करपू देऊ नको.” तिचं मोजमाप नाकात आणि हातात आहे. कालवण दाट झालं, तेव्हा त्यामागचा हिशोबही कळला. मटण थोडं आणि खाणारी तोंडं दहा असली की रस्सा वाढवावा लागतो. वाढवलेला रस्सा पाणचट लागू नये म्हणून त्यात धान्य. ही कृती म्हणजे टंचाईत घर चालवणाऱ्या बाईची अक्कल आहे.

माझ्या खोलीत मात्र हा येसूर वांग्यातच पडतो. खोली शोधताना भाड्याच्या आकड्याआधी ‘शुद्ध शाकाहारी ना?’ हा प्रश्न आला, आणि पाठोपाठ आडनाव. 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार देशातली 15 वर्षांवरची सुमारे 71 टक्के माणसं मांसाहारी आहेत. तरीही ‘शुद्ध’ हा शब्द उरलेल्यांच्या ताटाला लागतो, आणि बहुसंख्यांच्या ताटाला काय म्हणायचं ते न बोलता ठरतं.

पाटोळेंच्या पुस्तकातल्या चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, मी फक्त वाचते. उत्तर प्रदेशात 1955 पासून गोवधबंदी कायदा आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैलही बंदीखाली आले. पण प्रश्न कायद्यापुरता नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. म्हणून आपल्या अन्नाची आठवण काढताना गहिवरून चालत नाही. त्यातलं काही चवीनं खाल्लेलं आहे आणि काही लादलेलं. दोन्ही लिहायला हवं, आणि त्यांतला फरकही.

याच वाराणसीत अन्नपूर्णेचं मंदिर आहे, आणि विद्यापीठाजवळच्या सीर गोवर्धनला संत रैदासांचं जन्मस्थान. रैदास जयंतीला तिथे लंगर चालतो. चामड्याचं काम करणाऱ्या संताच्या नावानं मोठी पंगत बसते आणि कोणी रांधलं हे विचारलं जात नाही. जातीनं ताटं वेगळी केली, त्यामुळे एकत्र जेवणं हे आपल्याकडे नेहमीच राजकीय कृत्य राहिलं आहे. आपलं जेवण लिहून ठेवणंही तसंच आहे.

हे काम मोठ्या लेखकांचीच वाट पाहत थांबलेलं नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2009 मध्ये दलित अन्नाच्या आठवणी आणि पाककृती गोळा करून पुस्तिका काढली. वर्गातल्या अभ्यासातून उभं राहिलेलं ते काम होतं.

आपल्या घरांत अडचण आणि संधी एकाच ठिकाणी आहेत. ज्या आईला येतं तिला लिहिण्याची संधी मिळाली नाही. ज्या मुलांना लिहिता येतं ती शिकायला घर सोडून गेली. दोघं एकाच चुलीपाशी असतात ते सुट्टीतले चार दिवस. तेवढ्यात वही काढा. किती वाट्या, एवढ्यावर थांबू नका. धान्य विकतचं होतं की मजुरीत मिळालेलं, सरपण कोण आणायचं, तेल नसेल त्या दिवशी काय व्हायचं, सगळ्यांत शेवटी कोण जेवायचं, हेही विचारा. आपण लिहिलं नाही तर उद्या हेच कालवण एखाद्या महागड्या हॉटेलात ‘गावरान थाळी’ म्हणून वाढलं जाईल, आणि ते रांधणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसेल.