शस्त्रक्रियेचा आग्रह
जठराचा कर्करोग यकृतात वा उदरावरणात पसरला, की ‘निदान मूळ गाठ तरी कापून काढा’ असा आप्तेष्टांचा आग्रह सुरू होतो. तो स्वाभाविक खरा, परंतु जपान, दक्षिण कोरिया व सिंगापूर येथील रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक परीक्षणात, आधी जठर काढून मग केमोथेरपी घेतलेल्यांचे आयुष्य केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांहून वाढले नाही. रक्तस्राव वा अन्नमार्गाचा अवरोध असल्यास गोष्ट निराळी. एरवी, माझ्या मते, गाठीच्या तुकड्याची हर-टू (HER2) या प्रथिनासाठी चाचणी तातडीने करून घ्यावी, कारण ते प्रथिन विपुल आढळल्यास केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅब या औषधाची जोड उपकारक ठरते (लाभ काही महिन्यांचाच, पण खरा). आणि वेदनाशमनाची व पोषणाची तजवीज अखेरच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता पहिल्याच भेटीत व्हावी.