बाळाला दूध हवं होतं, आम्ही नातं मोजत बसलो

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्याच्या पोटावर बेंबीच्या उजव्या बाजूला एक आडवा व्रण आहे. अंघोळ घालताना तो विचारतो, "अम्मी, हे काय आहे?" मी म्हणते, "तू लहान असताना डॉक्टरांनी तुझं पोट दुरुस्त केलं." एवढं उत्तर त्याला पुरतं. मला पुरत नाही. त्या व्रणामागे आमच्या घरात झालेला एक निर्णय आहे, आणि त्या वेळी मी गप्प बसले होते.

मला तिसावा आठवडा चालू होता. नवरा चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्टला गेला होता. संध्याकाळी डोकं ठणकू लागलं, डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले. जाऊबाईंनी मला काळेवाडीतून रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. बीपी १८० च्या वर गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ताच सिझर करावं लागेल. थांबलो तर दोघांच्याही जिवाला धोका आहे." नवरा मोशीच्या ट्रॅफिकमधून वाट काढत पोहोचला तोवर बाळ जन्मलं होतं. वजन १२४० ग्रॅम. मी स्वतः दोन दिवस आयसीयूत होते. बाळाला पहिल्यांदा पाहिलं ते तिसऱ्या दिवशी, व्हीलचेअरवर बसून, काचेच्या पेटीत. त्याचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

मला दूध येत नव्हतं. वेळेआधीचं बाळंतपण, सिझर, वाढलेलं बीपी आणि बाळ छातीशी नाही, अशा वेळी दूध उशिरा येणं नेहमीचं आहे. पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मग थेंब-थेंब का होईना दूध वाढतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. एनआयसीयूतल्या सिस्टरने नवऱ्याला विचारलं, "मिल्क बँकेतून दुसऱ्या आईचं दूध मिळू शकतं. फॉर्मवर सही कराल का?"

बाहेरच्या बाकड्यावर घरातल्या मोठ्यांची बैठक बसली. माझ्या सासूबाई प्रेमळ बाई आहेत, माझ्या आजारपणात रात्ररात्र जागल्या आहेत. त्या म्हणाल्या, "दूध का रिश्ता लग जाता बेटा. किसका दूध, कौन जाने. कल कू शादी-ब्याह की बात निकली तो?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. फॉर्म परत गेला आणि बाळाला पावडरचं दूध सुरू झालं.

तेराव्या दिवशी त्याचं पोट फुगलं. उलटी हिरवी झाली, शीमधून रक्त आलं. आतड्याचा एक भाग सडून त्याला भोक पडलं होतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हा आजार होतो, डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. खराब झालेला भाग कापून काढला आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवलं. ते तोंड पुन्हा बंद करायला दोन महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.

पावडरच्या दुधामुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. आईचं दूध मिळालेल्या बाळांनाही एनईसी होतो. पण जगभरातल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर दान केलेल्या आईच्या दुधाच्या तुलनेत पावडरचं दूध मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये हा आजार जवळजवळ दुप्पट आढळतो. म्हणजे धोका कमी करण्याचा एक मार्ग आमच्यासमोर होता आणि आम्ही तो नाकारला. का, तर वीस-पंचवीस वर्षांनी होऊ शकणाऱ्या एका लग्नासाठी.

शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाला रक्त चढवलं. ते रक्त कुणाचं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. नवऱ्याने धावत जाऊन पिशवी आणली. रक्ताने नातं लागत नाही, दुधाने लागतं, हा फरक शरीअतमध्ये आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या रात्री मला कळलं की जीव वाचवायची घाई असली की आपण प्रश्न बाजूला ठेवू शकतो. दुधाच्या वेळी जीव जाईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

आठवड्याने पुन्हा थोडं थोडं दूध द्यायची वेळ आली. माझं दूध दिवसाला जेमतेम दोन चमचे निघत होतं. या वेळी फॉर्मवर सही मी केली.

त्यानंतर मी वाचायला बसले. आधी वाचायला हवं होतं. सूरह निसाच्या २३ व्या आयतीत ज्यांच्याशी निकाह होऊ शकत नाही त्यांची यादी आहे. त्यात दूध पाजणारी आई आणि दूधबहीण आहेत. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाईकडून बाळाला दूध पाजून घ्यायचं असेल तर त्यात गुन्हा नाही, असंही आहे. स्वतः पैगंबरसाहेबांना हलीमा सादियांनी दूध पाजलं, हे आपल्याकडच्या लहान मुलांनाही माहीत असतं.

हे नीट वाचलं की एक गोष्ट दिसते. दुसऱ्या आईचं दूध पिणं हराम नाही. त्यातून झालं तर एवढंच होतं की एक नातं वाढतं आणि त्या नात्यात निकाह होत नाही. नातं लागणं हा काही गुन्हा नव्हे. मग आपली अडचण उरते ती माहितीची: दूध कुणाचं होतं हे कळायला हवं. माहितीच्या अडचणीवर उपाय म्हणजे नोंद. बाळाला दूध न देणं हा त्यावरचा उपाय कसा होईल?

किती दूध प्यायलं की नातं लागतं, यावरही एकमत नाही. हनफी मतात थोडं दूधही पुरतं. शाफई मतात निदान पाच वेळा पाजलेलं असावं लागतं. आपल्या महाराष्ट्रातच कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत आणि देशावरचे बहुतेक हनफी. म्हणजे एकाच एनआयसीयूत शेजारी शेजारी झोपलेल्या दोन मुसलमान बाळांसाठी उत्तर वेगळं असू शकतं.

मिल्क बँकेबद्दल तर उलेमांमध्ये चाळीस वर्षं वाद चालू आहे. १९८३ मध्ये यूसुफ अल-करज़ावी यांनी मिल्क बँकेला परवानगी दिली. त्यांचं म्हणणं होतं की दूधनातं लागतं ते छातीला लावून पाजल्याने, आणि जिथे दूध कुणाचं हेच नक्की नाही तिथे नुसत्या शंकेवरून मनाई ठरत नाही. १९८५ मध्ये जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने याच्या उलट ठराव केला. २००४ मध्ये युरोपातल्या फतवा परिषदेने गरज असेल तिथे परवानगी दिली. इराणमध्ये २०१६ मध्ये तबरीझला मिल्क बँक सुरू झाली. सिंगापूरमध्ये २०१७ ला बँक सुरू झाली, तिथल्या इस्लामी परिषदेने वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी ती मान्य केली. याउलट ढाक्यात २०१९ च्या डिसेंबरमध्ये आणि कराचीत २०२४ च्या जूनमध्ये तयार झालेल्या बँका धार्मिक विरोधामुळे थांबवाव्या लागल्या.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की आमच्या बाकड्यावर बसलेल्यांना वाटत होतं, याचं एकच उत्तर आहे आणि ते "नाही" आहे. मोठे आलिम जिथे चाळीस वर्षं वाद घालताहेत तिथे आम्ही दहा मिनिटांत निकाल लावला. ना कुणा आलिमांना विचारलं, ना डॉक्टरांना, ना बाळाच्या आईला.

आता आपल्या इथली गोष्ट. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश तापमानावर ३० मिनिटं तापवून, थंड करून, उणे २० अंशांवर गोठवतात. प्रत्येक बॅचची नोंद ठेवली जाते. आईचं दूध विकायला परवानगी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणजे आपल्याला हवी असलेली नोंद बरीचशी तिथे आधीच आहे. ती कुटुंबाला कशी आणि कितपत मिळावी, एवढंच ठरवायचं उरतं.

वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांची संख्या थोडी नाही. २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगात सर्वांत जास्त. आणि ती वाचू शकतात. आपल्याच वाकडमधल्या एका हॉस्पिटलमध्ये २०२२ साली २४ आठवड्यांची, ४०० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. ९४ दिवसांनी ती दोन किलोंपेक्षा जास्त वजनाची होऊन घरी गेली. एवढी सोय आपल्या वस्तीपासून काही किलोमीटरवर असताना आपण दुधाच्या फॉर्मवर अडून बसावं का?

माझ्या मैत्रिणींना आणि त्यांच्या नवऱ्यांना काही गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली: आईचं स्वतःचं दूध सगळ्यांत आधी. बाळ पेटीत असलं तरी पहिल्या दिवसापासून दूध काढायला लागा, सिस्टरला दाखवायला सांगा. नवऱ्याची शिफ्ट, घरची पोरं, चाकण-पिंपरीच्या खेपा, यांत बाईला एनआयसीयूजवळ बसायला वेळ मिळत नाही. तो वेळ घरच्यांनी तिला काढून द्यावा. सासूबाईंनी मला डिंकाचे लाडू करून दिले. त्याऐवजी रात्री दोन वाजता पंप धुवून दिला असता तर जास्त उपयोग झाला असता. हे मी त्यांना आता सांगितलंय, आणि धाकट्या जाऊच्या वेळी त्यांनी तेच केलं.

दुसरी: सातव्या महिन्याची वाट न पाहता हा विषय घरात काढा. दूध कमी पडलं तर दानाचं दूध चालेल का, तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना आत्ताच विचारा. रात्री अकरा वाजता बाकड्यावर बसून फिक्ह ठरवू नका.

तिसरी: मनात शंका असेल तर नकार देण्याऐवजी नोंद मागा. बॅच नंबर लिहून घ्या. ओळखीची, तपासणी झालेली एखादी आई दूध द्यायला तयार असेल तर डॉक्टरांशी बोला. तिचं नाव घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

चौथी: ज्यांना दूध जास्त येतं त्यांनी दान करा. आपण घ्यायला कचरतो आणि द्यायचा तर विचारही करत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत रक्तदान शिबिराची घोषणा होते. इमामसाहेबांनी एका जुम्याला दूधदानाबद्दलही दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे?

पाचवी, आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची: सही करताना आईला विचारा. पोट तिचं चिरलेलं असतं, बाळ तिचं असतं. ती गप्प असेल तर तो होकार समजू नका. मी गप्प होते कारण मला भीती वाटत होती, आणि मला कुणी विचारलंही नाही.

लोक म्हणतील, "मुलगा वाचला ना, मग आता कशाला हे उकरून काढता?" वाचला, अल्लाहचा शुक्र आहे, डॉक्टरांचे आणि त्या अनोळखी आयांचे उपकार आहेत. पण त्याच एनआयसीयूत शेजारच्या पेटीतलं एक बाळ राहिलं नाही. त्याच्या आईने शेवटच्या दिवशी मला विचारलं होतं, "तुम्ही ते बँकेचं दूध घेतलंत? आमच्याकडे नाही म्हणतात." तेव्हा माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. हा लेख तिच्यासाठी आहे, उशिरा का होईना.

माझ्या मुलाने दुसऱ्या आयांचं दूध एकोणीस दिवस प्यायलं. त्या सगळ्या बॅचचे नंबर मी सिस्टरकडून लिहून घेतले. तो कागद त्याच्या लसीकरण कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला आहे. सासूबाईंनाही ठाऊक आहे तो कुठे आहे. त्याच्या लग्नाचं बोलणं निघेल तेव्हा काढू. सध्या त्याच्या नर्सरीच्या प्रवेशाची गडबड चालू आहे.