गार्डन मोठं की गडी?

बॉक्सिंगमध्ये ‘गार्डन’ म्हणजे बाग नव्हे, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन! क्रिकेटवाल्यांना जसं लॉर्ड्स, तसं बॉक्सरला तिथे हेवीवेटच्या वर्ल्ड टायटलसाठी लढणं. पण मित्रांनो, ही प्रतिष्ठा नक्की कोणाची? जागेची की लढणाऱ्याची?

इमारतीची तर नक्कीच नाही. आजचं गार्डन हे त्या नावाचं चौथं. १९६८ साली पेन स्टेशनच्या डोक्यावर उघडलेलं. भिंती बदलल्या, पत्ता बदलला, नाव राहिलं. कारण त्या नावामागे माणसं होती. ८ मार्च १९७१ ला तिथे जो फ्रेझियर आणि मुहम्मद अली समोरासमोर आले. दोघंही तोवर एकदाही न हरलेले, प्रत्येकाला २५ लाख डॉलर! सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये अलीचं टायटल काढून घेतलेलं, ते परत मिळवायला तो आला होता. पंधराव्या राउंडला फ्रेझियरच्या लेफ्ट हुकने तो आडवा झाला, लगेच उठलाही, पण हरला. मात्र १९७४ मध्ये त्याने टायटल परत मिळवलं ते किन्शासात. तिथे कुठलं आलंय गार्डन?

आता १ जून २०१९ बघा. अँथनी जोशुआ, २०१२ चा ऑलिंपिक गोल्ड मेडलिस्ट, २२ पैकी २२ फाइट्स जिंकलेला. समोर अँडी रुइझ, आयत्या वेळी बदली म्हणून आलेला, पोट सुटलेला. लोक जाम हसले. तिसऱ्या राउंडला रुइझ पडलाही. पण उठला, आणि सातव्या राउंडपर्यंत जोशुआला चार वेळा पाडून बेल्ट घेऊन गेला!

डिसेंबर २०१९ मध्ये सौदीत रीमॅच झाली. रुइझ आणखी वजन वाढवून आला आणि हरला. गार्डनची पुण्याई सहा महिनेच पुरली.

आपल्या होस्टेलवर रोज रडगाणं असतं की मोठ्या कॉलेजचा टॅग नाही, मग आपलं काय होणार? माझं स्पष्ट मत आहे, टॅगला किंमत आहे, खोटं कशाला बोला? मोठ्या जागी लोक बघायला येतात, छोट्या जागी फिरकतही नाहीत. बदली म्हणून का होईना, रुइझला गार्डनचं दार उघडलं म्हणूनच जगाने त्याला पाहिलं. पण घंटा वाजली की जागा तुमच्या वतीने एक ठोसाही मारत नाही. दार मोठं असो की छोटं, आत गेल्यावर मारायचं आपणच, आणि पडलो तर उठायचंही आपणच.