गाजराला एक वाफ येऊ द्या

‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा वापरली, त्याच्या डोळ्यांसमोर कच्चेच गाजर असणार. मराठी घरांत आजही गाजराच्या ठरलेल्या वाटा दोनच. रोजच्या जेवणात कोशिंबीर आणि थंडीत लाल गाजरांचे ढीग लागले की हलवा. एकात गाजर कच्चे राहते, दुसऱ्यात ते दूध, साखर आणि तुपात तासभर आटते. या दोहोंच्या मधली वाट सगळ्यांत सोपी आहे. गाजर नुसते वाफवायचे, वर चमचाभर तूप घालायचे आणि पानात वाढायचे. पण हा प्रकार ‘आजाऱ्याचे जेवण’ म्हणून बाजूला पडला आहे. ही उपेक्षा सोडण्याची वेळ आली आहे.

अलीकडे त्यात एका समजुतीची भर पडली आहे. भाजी शिजवली की तिचे सत्त्व जाते, म्हणून जितके कच्चे तितके चांगले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. काही भाज्यांबाबत त्यात तथ्य आहे. गाजराबाबत मात्र ही समजूत जवळजवळ उलटी आहे.

गाजराचे खरे मोल त्यातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये आहे. या नारिंगी रंगद्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. १०० ग्रॅम नारिंगी गाजरात, जातीनुसार, साधारण ५ ते ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. मात्र आहारातल्या सुमारे १२ भाग बीटा-कॅरोटीनपासून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक भाग मिळतो, असे आहारशास्त्रात धरले जाते. म्हणजे गाजरात किती आहे यापेक्षा त्यातले पोटात किती सुटते, हा प्रश्न महत्त्वाचा.

कच्च्या गाजरात हे द्रव्य पेशींच्या जाड भिंतींआड कोंडलेले असते. या भिंती माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाहीत. चावून जेवढ्या फुटतील तेवढ्याच फुटतात आणि बाकीचे कॅरोटीन आले तसे बाहेर जाते. वाफेच्या उष्णतेने पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन सैल होते, भिंती मऊ पडतात आणि आतले द्रव्य मोकळे होते. बीटा-कॅरोटीन स्वतः पाण्यात विरघळत नाही आणि दहा मिनिटांच्या वाफेने फारसे नष्टही होत नाही.

मग शिजवताना जाते ते काय? मुख्यतः ‘क’ जीवनसत्त्व आणि पाण्यात उतरणारी काही ‘ब’ जीवनसत्त्वे व क्षार. पण १०० ग्रॅम गाजरात ‘क’ जीवनसत्त्व असते जेमतेम ६ मिलिग्रॅम. एका पेरूत त्याच्या कितीतरी पट मिळते. ‘क’साठी गाजर खाणे म्हणजे किराणा आणायला सराफकट्ट्यावर जाण्यासारखे आहे. शिवाय वाफवताना भाजी पाण्यात बुडत नाही. त्यामुळे उकळून पाणी ओतून देण्याच्या तुलनेत नुकसान कमी होते आणि गाजराची गोडीही गाजरातच राहते.

दुसरी अट तेला-तुपाची. बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून त्याच जेवणात थोडे तेल किंवा तूप असेल तरच ते आतड्यातून नीट शोषले जाते. फार नको, चहाचा एक चमचा पुरतो. जुन्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि वरून फोडणी असते, ती नुसती चवीसाठी नव्हे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. किसल्यामुळे बऱ्याच पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि कूट-फोडणीतून तेलही मिळते. तोटा होतो तो वजन कमी करण्याच्या नादात डब्यात भरलेल्या, तेलाचा थेंबही न लागलेल्या कच्च्या चकत्यांचा. त्यातून चोथा मिळतो, कुरकुरीतपणा मिळतो, कॅरोटीन फारसे मिळत नाही.

हा वाद चवीपुरता असता तर सोडून देता आला असता. पण ज्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज मोठी, त्यांनाच कच्चे गाजर खाणे सर्वांत अवघड जाते. कवळी बसवलेले किंवा दाढा गेलेले ज्येष्ठ कच्चे गाजर ताटात तसेच ठेवतात. लहान मुलांच्या बाबतीत तर ते धोक्याचे आहे. कच्च्या गाजराचा कडक, गोल तुकडा चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. आणि नेमक्या याच वयात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता डोळ्यांवर आणि रोगप्रतिकारशक्तीवर उठते. म्हणूनच भारतात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. तो चुकवू नयेच. पण दोन डोसांच्या मधले दिवस घरच्या ताटानेच भरून काढायचे असतात. बोटांत दाबल्यावर सहज चुरडेल इतके मऊ वाफवलेले गाजर, वरणभाताच्या तुपात कालवून, वरचे अन्न खाऊ लागलेल्या बाळालाही देता येते.

यासाठी नवे उपकरण लागत नाही. मोदक, अळूवडी आणि कोथिंबीरवडी करणाऱ्या स्वयंपाकघराला वाफ शिकवावी लागत नाही. गणपतीनंतर माळ्यावर जाणारे मोदकपात्र खाली काढावे किंवा पातेल्यावर चाळणी ठेवून घट्ट झाकण लावावे. पाणी चाळणीला लागता कामा नये आणि त्याला उकळी आल्यावरच गाजर आत जावे. करंगळीएवढ्या जाडीचे तुकडे सात-आठ मिनिटांत होतात, बाळासाठी हवे असतील तर त्याच्या जवळपास दुप्पट वेळ द्यावा. तुकडे सारख्या जाडीचे असावेत, नाही तर निम्मे कच्चे आणि निम्मे गाळ. सुरी अलगद आत शिरली की गॅस बंद. कुकरच्या शिट्ट्यांनी मात्र गाजराचा लगदा होतो आणि ‘वाफवलेले बेचव लागते’ ही तक्रार बहुधा तिथूनच येते. गरम असतानाच तूप, मीठ, मिरपूड आणि लिंबू, किंवा जिऱ्याची फोडणी आणि ओले खोबरे घातले की काम झाले.

गोड लागते म्हणून मधुमेही गाजराला घाबरतात, तेही अनाठायी आहे. १०० ग्रॅम गाजरात साखर असते साधारण ५ ग्रॅम. भीती बाळगायची तर हलव्याची बाळगावी.

अर्थात गाजराकडून भलत्या अपेक्षाही नकोत. गाजर खाल्ल्याने चष्मा जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या रात्रीच्या यशाचे श्रेय गाजराला दिले गेले, प्रत्यक्षात त्यामागे रडार होते. रातांधळेपणाची शंका असेल तर डॉक्टरांकडेच जावे. आणि गाजर चांगले म्हणून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणे तर नकोच. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाजीतून हा धोका दिसलेला नाही. रोज खूप गाजर खाल्ले तर फार तर तळहात पिवळसर होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला असेल तर ती कावीळ नव्हे, प्रमाण कमी केले की रंग उतरतो.

महागड्या ‘सुपरफूड’च्या डब्यांवर खर्च करणाऱ्या घरांत पाव किलो गाजर फ्रिजच्या तळाशी सुकत पडलेले असते. ते कच्चे खाण्याचा संकल्प दर सोमवारी होतो आणि बुधवारी मोडतो. त्यापेक्षा भात शिजेपर्यंत शेजारच्या शेगडीवर त्याला एक वाफ आणावी. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना चावता येईल आणि अंगी लागेल, अशी भाजी त्याहून स्वस्त मिळणे कठीण आहे.