आमचा लिफाफा का बाजूला काढला?

बेदाण्याच्या हंगामात तासगावातल्या कुठल्याही शेडमध्ये जरा डोकावून बघा. निवडणीला बसलेल्या बायांचे हात असे चालतात की डोळ्याला दिसत नाहीत. हिरवा इकडे, पिवळा तिकडे, काळा आणि काडीचा बाजूला. पण मधेच थांबवून विचारा, ‘‘मावशी, हा दाणा का हो बाजूला काढला?’’ मान वर न करता उत्तर येतं, ‘‘देठाजवळ डाग हाय बघा.’’ दिवसभरात शेकडो वेळा विचारा, दर वेळी कारण मिळेल.

हे आठवायचं कारण आमच्या ओळखीचा एक बचत गट. बारा जणी. त्यातल्या दोघी खानावळ चालवतात, बाकीच्या चटण्या, पापड, शेंगदाण्याचे लाडू करतात. हिंमत करून त्यांनी एका सरकारी वसतिगृहाच्या जेवणाचं टेंडर भरलं. तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, अन्न परवाना, अनामत रक्कम, डिजिटल सही. या सहीसाठीच त्या कॉम्प्युटरवाल्याकडे चार खेपा झाल्या. अनामतीसाठी एकीनं पाटल्या गहाण ठेवल्या, हे तिच्या सासूला अजून ठाऊक नाही. आणि एक दिवस स्क्रीनवर एकच शब्द आला, ‘अपात्र’. का? कार्यालयात विचारायला गेल्या तर, ‘‘कमिटीचा निर्णय आहे ताई,’’ एवढंच उत्तर.

यातली मेख समजून घ्यायला हवी. बऱ्याच सरकारी टेंडरांत दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, म्हणजे तुमची कागदपत्रं, अनुभव, उलाढाल. दुसरा दराचा. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडतो. दराच्या लिफाफ्यात फसवायला फारशी जागा नसते. बेचाळीस हा पंचेचाळीसपेक्षा कमी, हे शाळेतलं पोरही सांगेल. सगळी भांडणं असतात ती पहिल्या लिफाफ्याची. लायक कोण हे कोणी ठरवायचं, कुठल्या मापानं ठरवायचं आणि नाकारलं तर कारण सांगायचं की नाही?

बरं, हे फक्त आपल्यासारख्या साध्या बायकांच्या बाबतीतच होतं असंही नाही. 2025 साली ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत रस्त्याच्या कामात एल अँड टीसारखी बलाढ्य कंपनी तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली. आपल्याला बाद केल्याचं आणि त्याचं कारण वेळेत कळवलंच नाही, ही कंपनीची तक्रार. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, म्हणून कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथं समोर आलं की तिचा दर सुमारे तीन हजार कोटींनी कमी होता. सेंट्रल व्हिस्टा बांधणारी कंपनी इथं अपात्र कशी, असा प्रश्न खुद्द सरन्यायाधीशांनी विचारला. मे महिना संपता संपता एमएमआरडीएनं ते टेंडरच रद्द केलं. त्यांच्याकडे दिल्लीचे वकील होते. पाटल्या गहाण टाकणारीनं कुणाकडे जायचं?

पण माझ्या दृष्टीनं खरी आपली गोष्ट आहे ती अंगणवाडीच्या खाऊची. 7 ऑक्टोबर 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं की अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी कंत्राटदार नकोत. हा पैसा शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत खर्च व्हावा. वाचताना बरं वाटतं ना? मग पुढचं ऐका. फेब्रुवारी 2009 मध्ये केंद्रानं आहाराचे निकष वाढवले. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, शिवाय सूक्ष्म पोषकद्रव्यं. निकष चांगलेच होते. पण त्याबरोबर घरी न्यायच्या पाकिटांसाठी यंत्रं आली, यंत्रांबरोबर अटी आल्या. राज्यात मोठी कामं मिळाली ती ‘महिला’ नावाच्या मोजक्या संस्थांना. या नावांमागे खाजगी कंपन्यांचाच कारभार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आयुक्तांच्या कार्यालयानं 2012 च्या अहवालात मांडलं. पाटी बाईची आणि गल्ला दुसऱ्याचा! आपल्याकडे सरपंचबाईंच्या खुर्चीत ‘सरपंचपती’ बसलेला पाहिलाय, त्यातलाच हा प्रकार.

पुढे 2016 ला पुन्हा टेंडर निघालं, पुन्हा बचत गट कोर्टात गेले. 26 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं ती कंत्राटं रद्द केली. रक्कम होती सुमारे 6,300 कोटी. अटीच अशा घातल्या होत्या की मोठे पुरवठादार टिकावेत आणि छोटे गट दारातूनच परत जावेत, हे कोर्टानं मान्य केलं. म्हणजे 2004 चा शब्द खरा करून घ्यायला बायकांना 2019 उजाडावं लागलं. 2004 साली अंगणवाडीत जाणारी पोरगी तोवर कॉलेजात पोचली होती.

कुणी म्हणेल, काय हो, बचत गट म्हटलं की डोळे मिटून काम द्यायचं का? मुळीच नाही. लेकरांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे. पीठ चाळलेलं हवं, पाणी स्वच्छ हवं, हिशेब चोख हवा. एखाद्या गटाचं स्वयंपाकघर बघून मीही त्याला नापास करीन. पण बघून करीन! इथं स्वयंपाकघर कुणी बघतच नाही. बघतात ती उलाढाल. आणि ज्यांना आजवर मोठं काम मिळालंच नाही, त्यांची उलाढाल वाढणार तरी कुठून? पोहता येत नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि पाण्यात उतरला नाहीत म्हणून पोहता येत नाही, असा हा न्याय.

कोर्टाचंही एक लक्षात ठेवा. टाटा सेल्युलरच्या खटल्यात 1994 सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की निवड बरोबर की चूक, हे कोर्ट अपिलासारखं तपासणार नाही. निवडीची रीत सरळ होती का, एवढंच बघेल. म्हणूनच मला वाटतं, भांडण टेंडर उघडल्यावर नको, अटी निघतात तेव्हाच व्हायला हवं. आख्ख्या जिल्ह्याचं काम एकाच्या पदरात घालण्यापेक्षा तालुक्याचे, गावांचे छोटे वाटे करा. कशाला किती गुण, हे आधी छापा. आणि ज्याला बाद कराल त्याला त्याच दिवशी लेखी कारण द्या. यात सरकारच्या तिजोरीतनं पैसाही जात नाही. एक कागद जातो.

आमच्या त्या गटानं शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. अर्ज लिहायला मी बसले होते. मी आपली ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरे सुरू केलं, तर खानावळवाली म्हणाली, ‘‘वहिनी, ते राहू द्या. सरळ लिवा, आमचा लिफाफा का बाजूला काढला?’’ तसंच लिहिलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आज एकोणिसावा दिवस आहे.